वाड्याचं आधीचं नाव

नारायण पेठेत केसरीवाड्याच्या दाराशी थोडा वेळ उभे राहा. मागून दुचाक्या जातील, कुणी बाजूला व्हायला सांगेल. व्हा, पण निघू नका. श्वास संथ होऊ द्या आणि या जागेचं आधीचं नाव मनात घ्या : गायकवाड वाडा. 1905 मध्ये बडोद्याच्या सयाजीरावांकडून तो टिळकांकडे आला.

आता मागे चला, 1857 पर्यंत. बडोद्याच्या गादीवर खंडेराव गायकवाड आहेत. उत्तरेत नानासाहेब पेशव्यांच्या नावानं रण पेटलंय आणि खंडेराव इंग्रजांच्या बाजूला आहेत. पुढच्या वर्षी नानासाहेबांचे सेनानी, येवल्याचे तात्या टोपे बडोद्याच्या रोखानं निघतात. तिथली मराठी माणसं साथ देतील, ही आशा. 1 डिसेंबर 1858 ला छोटा उदेपूरला त्यांचा पराभव होतो. एप्रिल 1859 मध्ये शिवपुरीला फाशी.

इथे थांबा. मनात राग उठतो का, पाहा.

आता दुसरं नाव घ्या : बाळाजीपंत नातू. नोव्हेंबर 1817, पेशव्यांच्या शनिवारवाड्यावर त्यांनी चढवलेलं इंग्रजांचं निशाण. या नावानं पुणेकराचं तोंड आजही कडू होतं, माझंही होतं. मग खंडेरावांच्या नावानं का होत नाही? उत्तराची घाई करू नका. मला वाटतं, निशाण चढवणारा हात डोळ्यांपुढे उभा राहतो. मदतीला न गेलेली फौज कधी दिसतच नाही.

तरी एका रात्रीपुरते खंडेरावांच्या जागी बसा. सातारा, नागपूर, झाशी खालसा झालेली त्यांनी पाहिली आहेत. हाताशी एक राज्य आहे, आणि ते घालवायला एक चुकीचा खलिता पुरेसा आहे. ही भीती खरी होती. ती छातीत जाणवेपर्यंत बसा, मगच उठा.

पुढचं सावकाश ऐका. 1875 मध्ये इंग्रजांनी खंडेरावांमागून गादीवर आलेल्या त्यांच्या भावाला, मल्हाररावांना, पदच्युत केलं आणि खंडेरावांच्या सत्तावनमधल्या सेवेची आठवण ठेवून त्यांच्या विधवा जमनाबाईंना दत्तक घेऊ दिला. कवळाण्याच्या शेतकऱ्याचा बारा वर्षांचा मुलगा सयाजीराव झाला. त्यानं सक्तीचं मोफत शिक्षण आणलं, आंबेडकरांना शिष्यवृत्ती दिली. इकडे नातूंच्या घराण्यातल्या दोघा भावांना पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्या खुनानंतर, 1897 मध्ये, खटल्याशिवाय स्थानबद्ध केलं गेलं. पूर्वजांची निष्ठा तेव्हा कामी आली नाही.

सयाजीरावांचं कर्तृत्व खंडेरावांच्या जमेस धरू नये, असं माझं ठाम मत आहे. तात्यांच्या फाशीची भरपाई त्यानं होत नाही. पण सगळा कडवटपणा एकट्या बाळाजीपंतांच्या माथी मारणं हाही न्याय नव्हे. पुन्हा कधी नातूंचं नाव निघालं, तर त्याच दमात खंडेरावांचंही घ्या.