दुखण्याचा दाखला

शाळेत दाखल्याशिवाय पान हलत नाही. जन्माचा दाखला, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आजारी रजेसाठी डॉक्टरांचा दाखला. आमच्या भागात तो एका भाषेत मिळतो आणि दुसऱ्या भाषेत मागितला जातो, ही गोष्ट वेगळी. हयात या कागदांत गेल्यामुळे असेल, पण ज्याला कागद नाही ते खरे नाही, असे मीही मानू लागलो होतो.

मुख्याध्यापक होऊन मला दुसरेच वर्ष होते. आमचे एक शिपाईमामा कंबर धरून बसत. बाके उचलायची म्हटली की त्यांना चमक भरे. त्याच सुमारास चित्रकलेच्या सरांचीही कंबर धरली. दोघांचे डॉक्टर एकच, गोळ्याही त्याच. सर पंधरा दिवसांत हिंडूफिरू लागले, मामा तीन महिने तसेच. एक्स-रेच्या फोटोत काही निघाले नाही. मी त्यांना ऑफिसात बोलावून विचारले, "मामा, त्याच गोळीने सरांना उतार पडतो, मग तुम्हालाच का पडत नाही?" मामा खाली बघत उभे राहिले. वर्षअखेरीच्या अहवालात मी शेरा लिहिला : 'कामात टाळाटाळ करण्याची वृत्ती.'

तो प्रश्न मी दटावणी म्हणून विचारला होता. तो खरोखरीचा प्रश्न आहे, हे पुष्कळ उशिरा वाचनात आले.

कोडीन या जुन्या वेदनाशामकाचेच पाहा. ते स्वतः फारसे काही करीत नाही. यकृतातील एक विकर त्याचे मॉर्फिन करते आणि दुखणे शमते ते त्या मॉर्फिनने. हे विकर घडविणारे जनुक (शास्त्रज्ञ त्याला 'सीवायपी-२डी६' म्हणतात) सर्वांत सारखे नसते. युरोपीय वंशाच्या शंभर माणसांत पाच ते दहा जणांचे हे विकर जवळजवळ निकामी असते. त्यांनी गोळी घेतली काय अन् न घेतली काय. उलट काहींत त्या जनुकाच्या जादा प्रती असतात. त्यांच्या शरीरात नेहमीच्याच मात्रेतून भलतेच मॉर्फिन तयार होते. अशाने मुले दगावल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली बारा वर्षांखालील मुलांना कोडीन देऊ नये असे ठरविले. ट्रामाडॉललाही हाच नियम लावला, कारण तेही बरेचसे याच विकरावर अवलंबून असते. म्हणजे गोळी तीच, पण दोन शरीरांत गेली की ती दोन औषधे होतात.

कंबरेचेही तसेच. मणक्यांमधल्या चकत्या ओझे उचलून झिजतात, अशी आपली पक्की समजूत. फिनलंडमधील एकसारख्या जुळ्या भावांच्या चकत्या तपासल्या गेल्या आणि १९९५ साली निष्कर्ष आला, की झिजेत कामापेक्षा आनुवंशिकतेचा वाटा मोठा. एकाने कष्टाची कामे केलेली, दुसऱ्याने बैठी, तरी चकत्या मिळत्याजुळत्या. आणि झीज दिसली म्हणजे दुखतेच असेही नाही. १९९४ साली अमेरिकेत पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तर सगळ्या चकत्या निर्दोष निघाल्या त्या जेमतेम ३६ टक्क्यांच्या. फोटोच्या जिवावर शेरे मारणाऱ्या माझ्यासारख्यांनी हा आकडा फळ्यावर लिहून ठेवावा.

आता कोणी म्हणेल, मग रक्त तपासा आणि खरेखोटे ठरवा. इथेच मला भीती वाटते. जुनाट पाठदुखीत अनेक जनुकांचा थोडाथोडा हात असतो, शिवाय झोप, काळजी, कामाची धास्ती. कोणाला कोणता उपचार लागू पडेल हे सांगणारी एक सरळ चाचणी आज नाही. उद्या निघाली आणि मामांचे जनुक 'सर्वसाधारण' आले, तर? त्यांच्या कंबरेची कळ खोटी ठरणार? तो आणखी एक दाखला झाला, आणि आणखी एक शेरा. शिवाय २०२३ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत, नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखी-मानदुखीवर अफूवर्गातील औषध नुसत्या दिखाऊ गोळीहून सरस ठरले नाही. तेव्हा आमचे सर गोळीने बरे झाले की दिवस गेले म्हणून, हेही कोणी छातीठोकपणे सांगू नये.

विश्वास ठेवणे फुकट पडत नाही, हेही खरे. मामांचे ऐकले असते तर बाके दुसऱ्या शिपायाला उचलावी लागली असती. त्यालाही कंबर होतीच. टाळाटाळ करणारी माणसे मी पाहिली आहेत. पण एखाद्या टाळणाऱ्याकडून फसणे आणि दुखणाऱ्याला खोटा ठरवणे, या दोन चुकांपैकी एक पदरी घेणे भाग असेल, तर मी पहिली घेईन. तेव्हा दुसरी घेतली.

मामा निवृत्त झाले. गेल्या पावसाळ्यात आठवड्याच्या बाजारात भेटले, तेव्हा मी त्यांना हे सारे, विकर आणि जुळे भाऊ यांच्यासकट, सांगितले. शेऱ्याचेही सांगितले. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाले, "म्हणजे सर, तवा मी खरं बोलत होतो, हे आता तिकडं अमेरिकेत कळलं म्हणायचं की!"