स्वप्नातल्या राक्षसाचा धनी कोण?

स्वप्नात घडलेल्या गोष्टीची जबाबदारी माणसावर येते काय? आपल्या कथेतल्या राजा हरिश्चंद्राने या प्रश्नाचा निकाल कधीच लावला आहे. स्वप्नात दिलेले राज्य त्याने जागेपणी विश्वामित्रांच्या हवाली केले. पण दानाऐवजी एखाद्याच्या स्वप्नातून राक्षसच जन्माला आला तर?

प्रश्न वाटतो तितका हवेतला नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ निघाला. त्यात एक सूत्रधार प्रसंग सांगतो. बाकीचे कुणी योद्धा, कुणी मांत्रिक होऊन आपण काय करणार ते बोलतात, आणि यशापयश वीस बाजूंच्या फाशावर ठरते. या खेळात बिहोल्डर नावाचा राक्षस आहे. अधांतरी तरंगणारा गोळा, मध्ये एक मोठा डोळा, वर देठांवर आणखी दहा. स्वभाव महासंशयी. २०१६ साली निघालेल्या एका पुस्तकात त्याची जन्मकथा आहे: एक बिहोल्डर झोपेत दुसऱ्याचे स्वप्न पाहतो, आणि तो दुसरा खराच पुढे उभा राहतो! संशयी माणसाचे वैरी तरी याहून निराळे कुठून येतात?

आता समजा, सूत्रधाराने असा प्रसंग रचला: रोज रात्री एक राक्षस गावावर येतो. तो एका पोरक्या मुलाच्या स्वप्नातून निघतो. मूल मेले की राक्षसही संपेल. खेळणाऱ्यांपैकी कुणीतरी हिशेब मांडणारच: एक जीव मोठा की सारा गाव? 'खेळच तो, मूल कागदावरचे', असे म्हणून सुटता येत नाही. मूल खोटे असेल. हिशेब करणारे मन खरे आहे.

म्हणून सूत्रधाराने एकच दार उघडे ठेवू नये. एकच दार ठेवले, तर तो खेळणाऱ्यांना विचार करू देत नाही, नुसते मारेकरी करतो. राक्षस ठरावीक घरांचीच दारे ठोठावतो, असे त्याने दाखवावे. शोध घेतल्यावर कळावे की, मुलाची आई तापाने फणफणली असता याच घरांनी तिला पाणी नाकारले होते. मग राक्षसाचा धनी एकटे मूल उरत नाही. तलवारीने न सुटणारे काम पुढे येते: त्या घरांतल्या माणसांना मुलाच्या उशाशी आणून बसवण्याचे.

झोप कुणाच्या ताब्यात नसते. तेव्हा स्वप्नाबद्दल शिक्षा करणे अन्यायच. पण डोळे उघडल्यावर ही सबब उरत नाही. हरिश्चंद्राचे मोठेपणही त्याच्या स्वप्नात नव्हते. सकाळी उठून त्याने जे केले, त्यात होते.