गोळी आणि गजर

आषाढीच्या आधी आमच्या भजनी मंडळाचं पत्रक छापायला जायचं होतं. मंडळ म्हणजे आम्ही चौदाजणी, एक पेटी, एक तबला आणि टाळांच्या जोड्या मोजून अकरा. मजकूर दरवर्षी तोच असतो, तारीख तेवढी बदलते. यंदा एका वहिनींनी सुचवलं, ‘भजन’ काढून ‘संगीतोपचार’ घालू या. तरुण मुली येतील आणि हॉलवाला आरोग्याचं काम म्हणून भाडंही कमी करेल. भाड्याचा मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी गप्प बसले. तेव्हाच बोलायला हवं होतं.

कारण पाठोपाठ फोनवर तो तक्ता आला. डावीकडे रोग, उजवीकडे राग, खाली हात जोडलेलं चित्र. असे तक्ते मी आता चार पाहिलेत. एकात बागेश्री मधुमेहावर आहे, दुसऱ्यात निद्रानाशावर; म्हणजे तक्ते करणाऱ्यांचंही आपसात जमत नाही. आमच्या टाळवाल्या काकूंनी मात्र त्यातला तोडी मनावर घेतला. रोज सकाळी अर्धा तास तोडी आणि रक्तदाबाची गोळी बंद. तीन आठवड्यांनी ऐन गजरात त्यांच्या हातून टाळ निसटला. दवाखान्यात नेलं तेव्हा वरचा आकडा दोनशेला टेकला होता. काकू निभावल्या. शुद्धीवर आल्यावर म्हणाल्या, “माझंच ऐकण्यात काही चुकलं असेल गं.” मला राग आला तो या वाक्याचा. औषध लागू पडलं नाही, तर दोष रुग्णाच्या कानाचा!

मी मिरजेची. आमच्या गावात या विषयावर मत नसलेला माणूस सापडणं कठीण. एका बाजूला दवाखान्यांची रांग, विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरने 1894 साली सुरू केलेल्या रुग्णालयापासूनची. दुसऱ्या बाजूला भोपळे वाळवून तंबोरे करणाऱ्यांची दुकानं. परगावचे लोक पोटाचं दुखणं घेऊन येतात आणि जाताना सतारीची चौकशी करतात. मीरासाहेबांच्या दर्ग्यात गाऊन अब्दुल करीम खाँसाहेब प्लेगमधून उठले, ही गोष्ट इथे पोरासोरांना पाठ असते. दुसरी गोष्ट मात्र कुणी उपचाराच्या तक्त्यात घालत नाही. कुरुंदवाडचा एक मुलगा फटाक्याच्या दारूने डोळे गेल्यावर उपचारासाठी मिरजेत आला. डोळे काही परत आले नाहीत, पण तो बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकला. विष्णु दिगंबर पलुसकर. गाण्याने त्यांना दृष्टी दिली, असं आपण भाषणात म्हणतो आणि ते खरंही आहे. पण गेलेली नजर गाण्याने परत आली नाही, हेही खरं आहे. या दोन खऱ्यांची सरमिसळ झाली की तक्ता तयार होतो.

‘आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं’ हे वाक्य तक्त्याखाली असतंच. तेव्हा पूर्वजांकडेच जाऊ. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या 15व्या अध्यायात रुग्णासाठी घर कसं उभारावं ते सांगितलंय. हवा खेळती हवी पण झोत नको, धूर-धूळ नको, मुसळ-उखळीपासून न्हाणीघरापर्यंत सगळं हाताशी हवं. मग माणसांची यादी: स्वयंपाकी, न्हाऊ घालणारे, अंग चेपणारे, उठवणारे-बसवणारे, औषधं वाटणारे. आणि त्यांच्याच पाठोपाठ गाणारे, वाजवणारे, श्लोक म्हणणारे, गोष्टी आणि पुराणं जाणणारे. पुढे दुभती, सवत्स गाय. औषधांची यादी त्यानंतर, वेगळी. ही थाटाची सोय राजाला किंवा धनवंताला, गरिबाने जमेल तेवढं करावं, हेही चरक लपवत नाही.

इथे गायक आहे, पण तो औषधांच्या खणात नाही. तो माणसांत आहे, अंग चेपणाऱ्याच्या शेजारी. राजयक्ष्म्याच्या म्हणजे क्षयाच्या चिकित्सेतही गीत-वाद्यांचे गोड आवाज, हर्ष आणि धीर देणं यांचा उल्लेख येतो. तो तूप, मांसरस, स्नान यांची सगळी व्यवस्था लावून झाल्यावर. कुठला राग, किती वेळ, उपाशीपोटी की जेवणानंतर, असलं काही नाही. आजाऱ्याजवळ कुणीतरी गात बसावं, एवढंच.

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाला तर वैद्यकही येत होतं. ‘संगीतरत्नाकरा’त स्वरांआधी तो गर्भापासून देहाची घडण सांगतो, कारण नाद या देहातून उठणार असतो. पुढे आवाजाच्या जाती लावतो त्याही कफ, पित्त, वात यांवर: कफाचा खाहुल, पित्ताचा नाराट, वाताचा बोंबक. (आमच्या मंडळात बोंबक दोघी आहेत, नावं सांगत नाही.) त्रिदोषांचं शास्त्र हाताशी असलेला हा माणूस ते वापरतो गळा ओळखायला. त्याला आवाजातून शरीर कळतं. स्वराची पुडी बांधून द्यायला तो बसलेला नाही.

तानसेनाचा दीपक, ओंकारनाथांच्या पूरियाने मुसोलिनीला लागलेली झोप या गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत, त्यांत वेळ घालवत नाही. तक्त्याचा साचा मात्र कुठून आला याबद्दल माझा एक अंदाज आहे. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी रागांचा पसारा दहा थाटांत बसवला, कोमल रे-धांचे संधिप्रकाश राग, मध्यमावरून दिवस-रात्र ओळखणं अशी समयाची घडी घातली. व्यवसायाने वकील, त्यामुळे मांडणी चोख. शाळा-कॉलेजात गाणं शिकवायचं तर रकाने लागणारच. पण एकदा राग, थाट, वादी, संवादी, समय असे रकाने आखले गेले की शेजारी आणखी एक रकाना ओढायला कितीसा वेळ लागतो? भातखंड्यांचा यात काडीचाही दोष नाही. रागांची एवढी ओळख असलेल्या या माणसाने शेवटची वर्षं अर्धांगवायूने अंथरुणावर काढली, 1936 साली ते गेले. तक्त्यातल्या ‘पक्षाघात’ या ओळीसमोर काय लिहिलंय ते मी मुद्दाम पाहिलं नाही.

आता कुमार गंधर्व. संगीतोपचारावरच्या व्याख्यानात त्यांचं नाव आलं नाही असं झालेलं नाही. सांगतात ते असं: क्षय झाला, फुप्फुस निकामी झालं, पण माळव्याच्या लोकधुनांनी आणि निर्गुणी भजनांनी त्यांना उभं केलं. टाळ्या पडतात. यातली प्रत्येक वस्तू जागेवर आहे, फक्त क्रम उलटा आहे.

1947 साली लग्न झालं आणि त्याच सुमारास क्षयाचं निदान. मुंबईची दमट हवा सोसवेना म्हणून 1948 च्या जानेवारीत ते माळव्यातल्या देवासला गेले. वय तेवीस. दहा-अकराव्या वर्षापासून मैफली गाजवणारा गवई, आणि डॉक्टरांनी काय लिहून दिलं? गायचं नाही. हवा, आहार, अंथरूण आणि मौन. त्या काळी क्षयावर याहून जास्त काही सहसा कुणाच्याच हाती नव्हतं. तेव्हा गाणं औषध असल्याचा दाखला म्हणून आपण ज्यांना उभं करतो, त्यांच्या औषधाच्या चिठ्ठीवर गाणं कुपथ्य म्हणून होतं.

त्याच वर्षी, 1948 मध्ये, लंडनला एक निबंध छापून आला. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध नवं होतं, युद्धानंतरच्या ब्रिटनला ते पुरेसं मिळत नव्हतं. ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने टंचाईचाच उपयोग करून घेतला. क्षयाचे 107 रुग्ण घेतले, कुणाला औषध आणि कुणाला नाही हे बंद पाकिटांतल्या चिठ्ठ्यांनी ठरवलं, म्हणजे डॉक्टरचा जीव कुणात गुंतला तरी उपयोग नाही. 55 जणांना स्ट्रेप्टोमायसिन आणि अंथरुणातली विश्रांती, 52 जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांनी पहिल्या गटातले चार गेले होते, दुसऱ्यातले चौदा.

देवासच्या त्या खोलीत पडलेले कुमार तेव्हा, कळत-नकळत, दुसऱ्या गटात होते. नुसत्या विश्रांतीच्या. खिडकीबाहेरून बायकांची गाणी, भिक्षेकऱ्यांची भजनं आत येत होती, आणि ती ऐकत असतानाच दुखणंही चाललं होतं. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला स्ट्रेप्टोमायसिन मिळालं, पत्नी भानुमतीबाईंची शुश्रूषा होतीच, आणि मग ते उठले. उठल्यावर गायले.

‘औषध’ या शब्दाचा अर्थ त्या निबंधाने कायमचा बदलला, हे आपण लक्षात घेत नाही. त्याआधी बरं वाटलं ते औषध. त्यानंतर, न घेणाऱ्यांच्या तुलनेत घेणारे अधिक वाचले तर औषध. जुन्या अर्थाने तूपही औषध होतं, गाणंही होतं, आजीने पाठीवरून फिरवलेला हातही होता. नव्या अर्थाने शब्दाला कोर्टाची पायरी चढावी लागली. आज आपण करतो काय, तर गाण्याला जुन्या अर्थाने औषध म्हणतो आणि नव्या अर्थाचा मान मागतो. साक्षीदार आणत नाही, निकाल मात्र हवा.

कुमारांच्या बाबतीत याच्या उलट बाजूची चूक रसिक करतात. फुप्फुस अधू म्हणून छोट्या फेकी, म्हणून तो मधेच तुटणारा, मधेच उसळणारा स्वर. म्हणजे क्षयानेच कुमार घडवले. श्वासाने काही मर्यादा घातल्या असतील, नाही कोण म्हणतं? पण दमेकरी गवई याआधीही झाले, बाळकृष्णबुवांनाच दमा होता. त्यांची गायकी वेगळीच राहिली. मला दिसतं ते एवढंच की एक गवई काही वर्षं गाऊ शकत नव्हता आणि ऐकत होता. जे ऐकलं त्याचे पुढे मालवती, लगनगंधार, सहेली तोडी असे धुनउगम, म्हणजे लोकधुनांतून उगवलेले राग झाले, 1965 साली ‘अनूपरागविलास’ हे त्यांचं बंदिशींचं पुस्तक आलं. आजाराने त्यांना अवधी दिला, फार महागात. त्या अवधीचं काय करायचं हे औषधाने ठरवलं नाही आणि जंतूंनीही नाही.

जिथे गाणं खरोखर उपचार म्हणून कामाला येतं तिथले लोक फार जपून बोलतात. पक्षाघाताने वाचा गेलेला माणूस ओळखीचं पद म्हणू शकतो, ही नोंद स्वीडनमध्ये 1745 सालची आहे. त्यावर उभारलेली सुरांतून बोलणं शिकवायची पद्धत 1973 पासून बॉस्टनमधून पसरली, आणि ती शिकलेल्या माणसाने, एकेका रुग्णाजवळ बसून, महिनोन्‌महिने करायची असते. धूम्रपानाने वा धुराने फुप्फुसं खराब झालेल्यांना गायला लावून पाहणाऱ्या अभ्यासांचा, वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2017 साली आढावा घेतला तेव्हा तीनच अभ्यास सापडले, माणसं 112. थोडं भलं दिसलं, पुरावा कच्चा, असं त्यांनी लिहिलं. आणि या दोन्ही ठिकाणी रुग्ण स्वतः गातो, हे महत्त्वाचं. फोनवरच्या तक्त्यात सगळीकडे ‘ऐका’ आहे, ‘गा’ कुठेच नाही. गोळी जशी दुसऱ्याने केलेली आपण गिळायची, तसं दुसऱ्याने गायलेलं आपण गिळायचं.

हे मी कोरडेपणाने लिहीत नाहीये. चार वर्षांपूर्वी माझी थायरॉईडची अख्खी ग्रंथी काढली. आदल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, “तुम्ही गाता का?” मी म्हटलं, भजनात, मागे. ते म्हणाले, मागे म्हणजे गाताच. मग कागदावर गळा काढून दाखवला: स्वरयंत्राला जाणाऱ्या दोन नसा ग्रंथीला लगटूनच असतात, एक आवाजाची, एक वरच्या पट्टीची. दुसरी दुखावली तर बोलणं राहतं, तार सप्तक जातं. ‘जपतो, पण शब्द देत नाही,’ असं ते म्हणाले. गाण्याचा इतका नेमका मान मला एकाही संगीतोपचारवाल्याने दिलेला नाही.

नस वाचली, पण थोडी दुखावली. सहा महिने माझा आवाज भाजीवाल्याला फोनवर पुरुषाचा वाटायचा. बोटांना मुंग्या यायच्या, कॅल्शियमच्या गोळ्या चालू. रोज पहाटे उपाशीपोटी थायरॉईडची गोळी घेते, ती जन्माची आहे. कुठला राग ते संप्रेरक माझ्या रक्तात सोडणार आहे? पण अगदी खरं सांगायचं तर बरी हो म्हणून मी स्वतःला जे आमिष दाखवत होते ते गुरुवारच्या भजनाचं होतं. तब्येतीसाठी गाणं नव्हतं, गाण्यासाठी तब्येत होती. सहा महिन्यांनी गेले तेव्हा पेटीवाल्या मावशींनी काही विचारलं नाही. मी पूर्वी काळी चारमध्ये म्हणायची. त्यांनी माझा पहिला ‘सा’ ऐकला, हात खाली सरकवले आणि काळी दोन धरली. बाकीच्या तेराजणींना ती पट्टी नकोशी झाली असणार. कुणी बोललं नाही.

पत्रकावर शेवटी ‘भजन’च छापलं. भाडं कमी झालं नाही, वहिनी अजून थोड्या घुश्श्यात आहेत. गेल्या गुरुवारी चहाच्या वेळी टाळवाल्या काकूंनी पदराच्या टोकाची गाठ सोडली, गोळी काढली, चहाबरोबर घेतली. मग कप खाली ठेवून टाळ पुसले आणि म्हणाल्या, “हं, आता गजर कोण सांगतंय?”