हाताला मानवेल ती

स्टेशनरीच्या दुकानात काउंटरवर एक लहानशी वही ठेवलेली असते. पेन-पेन्सिल घेण्याआधी लिहून बघायला. तिची पानं कधी सावकाश पाहावीत. कुणी आपलं नाव लिहिलेलं असतं, कुणी श्री, कुणी नुसतीच सही. गंमत म्हणजे बहुतेक अक्षरं नीटनेटकी असतात. दुकानात आपण जरा जपून लिहितो आणि त्या जपलेल्या हातानेच निवडही करतो. ऑफिसात शेजारच्या टेबलावर जशी खटका दाबून लीड बाहेर काढायची, बारीक लीडची, देखणी पेन्सिल पाहिलेली असते, तशीच घेतो. मग घरी दुधाचा हिशेब मांडायला बसलं की हात नेहमीच्या जोराने चालू लागतो. लीड कटकन तुटतं. असं वरचेवर झालं की ती पेन्सिल ड्रॉवरच्या तळाशी जाते आणि आपण म्हणतो, मला नाही बाई असलं नाजूक काही वापरता येत.

खरं तर दोष ना हाताचा असतो, ना पेन्सिलीचा. फक्त जोडी जमलेली नसते. रोजच्या वापरात ०.५ मिलिमीटरचं लीड सगळ्यात जास्त दिसतं. कॅलेंडरच्या चौकोनात लिहायचं, पुस्तकाच्या समासात खूण करायची, तर ते छान. पण दाबून लिहिण्याची सवय असेल, तर ०.७ घ्यावं. हात फारच जड असेल, तर ०.९. ०.३ चं लीड हलक्या हाताच्या माणसांसाठी. लीडच्या डबीवरची अक्षरंही वाचावीत. एचबी मधलं. २बी मऊ आणि काळं, जोर न लावता ठळक उमटतं. चष्म्याचा नंबर वाढलेल्यांना ते बरं वाटतं. खटका एक-दोनदाच दाबावा, कारण लीड जितकं बाहेर काढावं तितकं लवकर मोडतं. आणि दुकानातल्या त्या वहीत नाव लिहिण्याऐवजी भाजीची यादी लिहून बघावी, भराभर. आपला खरा हात तेव्हा दिसतो. हाताला बसलेली पेन्सिल मग मोठं सुख देते. टोक काढायला उठावं लागत नाही, रेघ बारीक राहते, चुकलं तर खोडता येतं.

या पेन्सिली बनवणाऱ्यांनीही माणसाचा हात आहे तसा मान्य केला आहे. आपण पेन्सिल तिरकी धरतो. त्यामुळे लीड एकाच बाजूने झिजतं आणि अक्षर जाड होत जातं. लिहिता लिहिता पेन्सिल बोटांत फिरवत राहिलं तर हे टळतं, पण इतकं कोण लक्षात ठेवणार? जपानमध्ये २००८ साली ‘कुरु टोगा’ नावाची पेन्सिल आली. तिचं टोक कागदावर टेकून उचललं की आतलं चक्र लीडला किंचित फिरवतं. ४० वेळा टेकवलं की एक पूर्ण फेरा होतो. लिहिणाऱ्याला काहीच करावं लागत नाही. २०१४ मध्ये तिथेच ‘डेलगार्ड’ आली, दाबून लिहिणाऱ्यांची सोय पाहणारी. सरळ दाबलं तर लीड स्प्रिंगवर थोडं आत सरकतं. तिरकं दाबलं तर धातूची नळी पुढे येऊन त्याला सांभाळते. हळू लिहा, असा उपदेश कुणी केला नाही. जसं लिहिता तसं लिहा, पेन्सिल जुळवून घेईल, एवढंच त्यांनी पाहिलं.

आपण मात्र स्वतःच्या बाबतीत पुष्कळदा याच्या उलट वागतो. मैत्रीण पहाटे पाचला चालायला जाते, म्हणून आपणही पाचचा गजर लावतो. चार दिवसांत गजर बंद होतो आणि खंत उरते. संध्याकाळची वीस मिनिटं कदाचित छान मानवली असती, पण ती करून पाहायची राहूनच जातात. कुणी घरखर्च मोबाइलवर लिहितं, कुणाला वहीत मांडल्याशिवाय चैन पडत नाही. हिशेब दोघांचाही जुळतो. कुणाला सगळी कामं सकाळी उरकून मोकळं व्हायला आवडतं, कुणाचा हात दुपारनंतर चालतो. चांगलं करायची इच्छा तर प्रत्येकाकडे असतेच. तिला सोयीची वाट मिळाली की ती रोज चालू लागते, उधारीची वाट दिली की अडखळते. आज कामाला निघण्यापूर्वी अशी एखादी सवय आठवून पाहा, जी चांगली असूनही टिकत नाही. स्वतःला बोल लावू नका. तिची वेळ बदला, तिचं माप बदला, ती आपल्या नेहमीच्या वेगाने करून बघा. मानवली तर ठेवा, नाही तर पुन्हा बदला. दुकानात अजून पुष्कळ पेन्सिली आहेत.