नुसता पिठलं-भात

भाऊबिजेच्या रात्री आमच्या घरी दरवर्षी एक ठराव एकमताने मंजूर होतो. चार दिवस चिवडा, चकल्या, करंज्या आणि बेसनाचे लाडू यांनी जीभ जड झालेली असते, ओवाळून घेतलेले भाऊ आणि ओवाळून दमलेल्या बहिणी बैठकीच्या खोलीत सैलावून बसलेल्या असतात, आणि कोणीतरी, बहुधा मीच, म्हणतो, "आता गोडधोड पुरे. आज आपला नुसता पिठलं-भात होऊ द्या." लगेच सगळ्यांचे चेहरे उजळतात. स्वयंपाकघरातून "बरं" एवढा एक शब्द येतो, आणि विरोधी मत पडले नाही असे समजून आम्ही पुन्हा गप्पांना लागतो.

मला आज बोलायचे आहे ते त्यातल्या 'नुसता' या शब्दाविषयी. पण त्याआधी पिठल्याचे देणे देऊन टाकतो, नाहीतर मी त्याच्यावर उलटलो असे कोणाला वाटायचे.

पिठल्यासारखा गरजवंताचा मित्र मराठी माणसाला दुसरा मिळणार नाही. एक वाटी हरभऱ्याच्या डाळीचे पीठ, एक कांदा, दोन मिरच्या, चार पाकळ्या लसूण आणि फोडणीपुरते तेल. एवढ्यावर चार माणसे भाताशी पोटभर जेवतात. भाजी आणायला विसरलो, पाहुणा अवेळी आला, महिना संपता संपेना, अशा वेळी तेच धावून येते. कोकणात त्याच्या जागी कुळथाची पिठी असते, देशावर ते कोरडे होऊन झुणका होते आणि भाकरीवर बसते. सिंहगड चढून गेलेल्या शहरी मंडळींना तर तेच पिठलं-भाकरी पंचपक्वान्नांहून गोड लागते. त्यात गडाच्या चढाचा वाटा किती आणि पिठल्याचा किती हे सांगणे कठीण, पण पैसे पिठल्याचेच पडतात.

माझे पिठल्यावरचे प्रेम मात्र केवळ जिभेचे नव्हते. त्याला तत्त्वाचे अधिष्ठान होते. तरुणपणी साधेपणाचे वेड ज्या पुस्तकांनी लावले त्यांत गांधीजींची व्रतांवरची पत्रे होती. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून त्यांनी आश्रमवासीयांना ती लिहिली. त्यांतले एक अस्वादाविषयी आहे. अन्न औषधासारखे घ्यावे, चवीसाठी नव्हे, हा त्याचा गाभा. दुसरे पुस्तक थोरोचे 'वॉल्डन', जे दुर्गा भागवतांनी मराठीत आणले. एक माणूस तळ्याकाठी स्वतःच्या हाताने झोपडी बांधतो, दोन वर्षे राहतो, घेवड्याची शेती करतो आणि आपल्या खर्चाचा हिशेब सेंटापर्यंत वाचकापुढे ठेवतो! आठ महिन्यांच्या खाण्याचा खर्च आठ डॉलर आणि चौऱ्याहत्तर सेंट. त्या आकड्याने मी भारावून गेलो होतो. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत तळे नव्हते आणि घेवडाही नव्हता. तेव्हा माझ्या साधेपणाचा सगळा भार पिठल्यावर आला.

१९७९ साली आमचे लग्न झाले. पत्नी फोर्टात एका कचेरीत नोकरीला होती, मी ठाण्याला. मित्र भेटले, सभा लांबली, कोणी गावाहून आले, की मी त्यांना हक्काने घरी आणी. "काही करू नकोस हं," मी दारातूनच सांगे, "नुसता पिठलं-भात टाक." असे म्हणताना आपण बायकोची केवढी सोय पाहतो आहोत, असे मला मनापासून वाटे. मित्रही म्हणत, "वहिनी, तुमच्याकडचं हे असं साधं जेवण म्हणजे खरं जेवण." मग आम्ही साधेपणावर रात्री अकरापर्यंत बोलत असू. पलीकडे भांडी घासल्याचा आवाज येत असे. तो आमच्या बोलण्याच्या आड कधी आला नाही.

अशी पंचेचाळीस वर्षे गेली. गेल्या पावसाळ्यात जिन्याच्या ओल्या पायरीवरून हिचा पाय घसरला आणि उजवे मनगट मोडले. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचे प्लास्टर सांगितले. पोळ्यांना बाई मिळाली, तीही सकाळपुरती. संध्याकाळचे काय, असा प्रश्न निघाला तेव्हा मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, "त्यात काय आहे? मी नुसता पिठलं-भात करीन."

पहिल्या दिवशी मी उकळत्या पाण्यात पीठ एकदम ओतले. पाच मिनिटांनी पातेल्यात पिवळ्या पाण्यात लिंबाएवढ्या गुठळ्या तरंगत होत्या. बाहेरून शिजलेल्या, आत कोरडे पीठ. ही खुर्चीत बसून पाहत होती. "आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं," ती म्हणाली. माझी आई कालवत नसे, ती पीठ वैरत असे. डाव्या हाताने चिमटीचिमटीने पीठ सोडायचे आणि उजव्या हाताने हाटत राहायचे. मी तेही करून पाहिले. त्याला दोन हात पुरत नाहीत असे माझे मत झाले. दुसऱ्या दिवशी हिंगाची डबी शोधीपर्यंत मोहरी करपली. तिसऱ्या दिवशी पिठले जमले, पण कुकरची शिट्टी मोजायची राहिली आणि भाताची पेज झाली. आठव्या दिवशी सगळे जमले, आणि त्याच दिवशी पिठाचा डबा रिकामा झाला.

तो रिकामा डबा हातात घेऊन मी काही वेळ उभा राहिलो. पिठले वीस मिनिटांत होते, ही गोष्ट खरी आहे. पण डब्यात पीठ आहे, हे कोणाच्या तरी डोक्यात असावे लागते. ते संपत आले हे तीन दिवस आधी कोणीतरी पाहिलेले असते. पूर्वी तर डाळ निवडून गिरणीत नेऊन दळून आणलेली असे. कोथिंबीर निवडून फडक्यात गुंडाळलेली असते. तांदूळ धुताना पाहुणे किती आणि उद्याच्या डब्याला भात उरायला हवा की नको, याचा अंदाज घेतलेला असतो. जेवणे झाल्यावर पातेल्याला घट्ट बसलेली खरवड असते. ती तर मला पंचेचाळीस वर्षांत फक्त ताटात भेटली होती, चमच्याने खरवडून वाढलेली, कुरकुरीत. या सगळ्याला आपण 'नुसता' म्हणतो.

मला पुन्हा थोरो आठवला. त्या प्रसिद्ध हिशेबात एक तळटीपवजा कबुली आहे, जी तरुणपणी माझ्या नजरेतून निसटली होती: धुणे आणि शिवणटिपण यांचा खर्च त्याने धरलेला नाही, कारण ती कामे बहुतेक बाहेरच झाली आणि त्यांची बिले अजून यायची आहेत, असे तो म्हणतो. प्रामाणिक माणूस, निदान बिले आहेत एवढे तरी त्याने लिहून ठेवले. १९९५ साली महाराष्ट्रात सरकारने एक रुपयात झुणका-भाकर सुरू केली, तेव्हाही एक रुपयात पीठ, तेल आणि जळण निघत नाही हे शेंबड्या पोरालाही कळत होते. वरचे पैसे अनुदानातून जात, आणि ते अनुदान पुढे थांबले. स्वस्त जेवणाचे असे आहे. उरलेले पैसे कोण भरतो एवढेच विचारायचे असते. माझ्या घरचे अनुदान मात्र कधी थांबले नव्हते, म्हणून ते चालू आहे हेही मला कळले नव्हते.

येथपर्यंतचा पश्चात्ताप तसा सुखाचा होता. कबुली देणाऱ्याला स्वतःविषयी बरे वाटू लागते, आणि मला ते वाटू लागले होते. त्यात माझ्या पिठल्याची कीर्ती पसरली. शेजारच्या वहिनी मुद्दाम येऊन पाहून गेल्या. "कमाल आहे भाऊजी तुमची!" असे म्हणून त्यांनी वाटीभर आपल्या यजमानांसाठी नेले, चवीसाठी की दाखल्यासाठी कोण जाणे. मुलीने पातेल्याचे छायाचित्र कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकले, तेव्हा रात्रीपर्यंत तेवीस अंगठे आले. (आमच्या लहानपणी अंगठा दाखवणे म्हणजे हात वर करणे होते. आता ती शाबासकी आहे.) महिन्याला सहा वेळा धरले तरी हिने आजवर तीन हजारांवर वेळा पिठले केले असेल. तेवीस सोडा, एकही अंगठा तिच्या वाट्याला आलेला मला स्मरत नाही. हे मी तिला बोलूनही दाखवले, आणि असे बोलून दाखवल्याबद्दलही मला थोडे बरे वाटले.

त्याच आठवड्यातल्या एका संध्याकाळी ती डाव्या हाताने भात नुसता इकडून तिकडे करीत होती. पिठले त्या दिवशी उत्तम झाले होते.

"कसं झालंय?" मी विचारले.

"चांगलं झालंय."

"मग घे ना अजून."

ती थांबली. मग अगदी सहज, वेळ विचारल्यावर सांगावी तसे म्हणाली, "अहो, मला पिठलं आवडत नाही."

"आज?"

"कधीच नाही. माहेरी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रोज पिठलंच असायचं. भाजीचे पैसे संपलेले असायचे. तो वास आला की अजून मला आबांचा पगार आठवतो."

"मग इतकी वर्षं केलंस कशाला?"

"लवकर होतं म्हणून."

मी चूप झालो. ज्या चवीला मी साधेपणाची चव म्हणत होतो ती तिच्या तोंडात महिनाअखेरीची चव होती. आणि हे मला ठाऊक नव्हते. मी रात्रभर याच वाक्याशी खेळत राहिलो: मला ठाऊक नव्हते. नीतिशास्त्रात अज्ञान ही मोठी सबब आहे. जे माहीत नाही त्याचा दोष माणसाला कसा लावायचा? पण जे कळणे शक्यच नव्हते त्याचे अज्ञान वेगळे, आणि जे सांगणारे माणूस दोन हातांवर बसलेले असताना विचारले नाही, ते अज्ञान वेगळे. शिवाय मला अगदीच ठाऊक नव्हते का? पिठल्याच्या दिवशी ती ताक-भात खात असे. ते मी पाहिलेले आहे. आता आठवते, स्पष्ट आठवते. पिठले उरत नसेल म्हणून खात असेल, असा मी स्वतःच्या सोयीचा अर्थ लावला असणार.

सकाळी मी वेगळा पवित्रा घेतला. म्हटले, "पण तू सांगायला हवं होतंस. न सांगणं हेही एक प्रकारचं खोटंच." या मुद्द्यात अजूनही काही तथ्य आहे असे मला वाटते. मुकाट्याने सोसणारे माणूस समोरच्याला सुधारण्याची संधीही नाकारते. आणि आपल्याकडे त्या मुकाटपणाचे जे कौतुक होते ते मला पूर्वीपासून खटकत आले आहे. पण तिने त्यावर वाद घातला नाही.

"सांगून काय झालं असतं?" ती म्हणाली. "सव्वासहाची गाडी पकडून, गाडीतच गवार मोडून, घरी पोचायला आठ वाजायचे. आठ वाजता दुसरं काय होणार होतं?"

यात तक्रार नव्हती. लोकलच्या बायकांच्या डब्यात मांडीवर पिशवी पसरून भाजी निवडणाऱ्या शेकडो जणींतली ती एक होती. वेळ सगळ्यांनाच कमी होता. मला सुटल्यासारखे झाले. दोष गाडीचा होता, अंतराचा होता, कचेरीच्या वेळांचा होता. मग माझ्या लक्षात आले, की मी ठाण्याहून सातला घरी येत असे.

सात ते आठ. त्या तासात मी काय करीत होतो, हे आठवायला मला फारसे कष्ट पडले नाहीत. हातपाय धुऊन, सकाळचा अर्धवट राहिलेला पेपर घेऊन मी गॅलरीत बसत असे, आणि जिन्यात पावले वाजली की मुलीला सांगत असे, "आई आली गं, पाणी दे." वीस मिनिटांचे पिठले त्या तासात तीनदा झाले असते. मला ते करू नको असे कोणी म्हटले नव्हते. कर असेही कोणी म्हटले नव्हते. जे केवळ स्वतःसाठी शिजवतात ते पाप खातात, हा गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला विचार मी दोन-तीन व्याख्यानांत मोठ्या रंगात सांगितला आहे. जे मुळी शिजवतच नाहीत ते काय खातात, असा प्रश्न श्रोत्यांतून कोणी विचारला नाही. श्रोते बहुतेक पुरुषच असत.

तिला हे मी सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "जाऊ द्या, आता काय त्याचं." क्षमा असे काही त्यात मला ऐकू आले नाही, आणि रागही नाही. त्या तासांचा विषय तिच्यापुरता केव्हाच संपलेला होता. तो आता फक्त माझ्याकडे उरला आहे, आणि तो कोणाला परत करायचा हे मला कळत नाही.

"मग तुला आवडतं तरी काय?" हा प्रश्न मी चौऱ्याहत्तराव्या वर्षी, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून पत्नीला विचारला.

"डाळिंब्यांची उसळ," ती म्हणाली. "पण सोलत कोण बसणार?"

वाल भिजत घालावे लागतात, मोड आणावे लागतात, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा दोन बोटांत धरून सोलावा लागतो. नोकरीवाल्या घरात वालाची उसळ रविवारची. आणि रविवारी आमच्याकडे माझे मित्र असत.

प्लास्टर केव्हाच निघाले. मनगट अजून थंडीत दुखते, पण पोळ्या ती पुन्हा करू लागली आहे. माझ्या पोळ्यांना आकार येत नाही, असे तिचे म्हणणे आहे. संध्याकाळ मात्र माझ्याकडे राहिली. मंगळवारी आणि शुक्रवारी पिठले असते, मला ते अजूनही फार आवडते. त्या दिवशी मी तिच्यासाठी दुसरे काही करतो; कधी मुगाची खिचडी, कधी टोमॅटोचे सार, कधी तिचा तो ताक-भात, पण त्याला जिऱ्याची फोडणी देऊन. दोन पातेली घासावी लागतात.

या भाऊबिजेला मुलगी, जावई, भाचे मंडळी सगळी येणार आहेत. रात्री कोणीतरी पिठलं-भात मागणारच. पीठ आहे, डबा मी कालच पाहिला. वालही आणून ठेवले आहेत. पाडव्याच्या आदल्या रात्री भिजत घालायचे, पाडव्याला फडक्यात बांधायचे. भाऊबिजेला दुपारी सगळे गप्पांना बसले, की परात घेऊन मीही त्यांच्यातच बसणार आहे.