पाटलांचं पान, वाटेकऱ्याचं पान

निपाणीतल्या एका वखारीत तंबाखूचा भाव आबांच्या तळहातावर ठरायचा. विडीच्या तंबाखूचा चुरा चिमटीत घ्यायचा, तळव्यावर चोळायचा, नाकाशी न्यायचा, पानावरचे ठिपके उजेडात धरून बघायचे. मग आबा म्हणायचे, "दोन नंबर." वहीत चढलं की विषय संपला.

शेठच्या मुलानं एक मशीन आणलं. वाळवून दळलेल्या पानावर ते ७८० ते २५०० नॅनोमीटरमधला, डोळ्याला न दिसणारा प्रकाश सोडतं. पाणी, साखर, निकोटीन आपापल्या ठिकाणचा प्रकाश गिळतात. उरलेला परत येतो, त्याची रेघ पडद्यावर उमटते. रेघ मिनिटभरात मिळते, पण ती वाचायची कशी हे मशीनला शिकवावं लागतं. त्यासाठी ढीगभर नमुने लागतात आणि प्रत्येकाचं प्रयोगशाळेत काढलेलं खरं उत्तर लागतं.

नेमकी तिथंच शेठनं काटकसर केली. "प्रयोगशाळेचा खर्च कशाला? गेल्या हंगामाचे नमुने चिठ्ठ्या लावून ठेवलेत, नंबर वहीत आहेत. आबांचा हातच मशीनमध्ये उतरवा."

कोल्हापूरहून आलेली इंजिनिअर पोरगी कामाला लागली. मशीन काही शिकेना. तिनं दिवा तपासला, ओलाव्यानं घोळ होतो म्हणून नमुने पुन्हा वाळवले, पुन्हा दळले. छे! शेवटी तिनं दोन नमुन्यांच्या रेघा एकमेकींवर ठेवल्या. केसाचाही फरक नव्हता. वहीत मात्र एकाला एक नंबर, दुसऱ्याला तीन.

तिनं त्याच दोन पुड्यांतली पानं चिठ्ठ्या झाकून आबांपुढं ठेवली. आबांनी चोळली, हुंगली. "दोन्ही एकच की. एकाच रानातलं दिसतंय."

चिठ्ठ्या उघडल्या. एक पाटलांची, दुसरी त्यांच्याच वाटेकऱ्याची. रान एक, काढणी एक. पीक तेवढं निम्मं-निम्मं वाटून घेतलेलं.

आबा खाली बघत राहिले. हाताला पान तेव्हाही बरोबरच कळलं होतं. पण पाटील भाव पटला नाही तर माल माघारी नेणारे. वाटेकऱ्यानं शेठकडूनच उचल घेतलेली, तो कुठं जाणार? भावासाठीच १९८१ साली निपाणीच्या शेतकऱ्यांनी हमरस्ता अडवून धरला होता, गोळ्या झेलल्या होत्या. वाटेकऱ्याचा बाप त्या रस्त्यावर बसला होता, आणि आबाही.

शेठनं विचारलं, "पाटलांचा माल तेवढा ओळखायला शिकवता येईल का याला?"

"पानात नाव नसतं, शेठ," पोरगी म्हणाली. "नमुन्यात जे आहे तेवढंच याला दिसतं."

मशीन आतल्या खोलीत गेलं, वर पोतं पडलं. पण हमालांनी सगळं ऐकलं होतं, आणि हमालांनी ऐकलेलं चहाच्या गाड्यापर्यंत पोचायला कितीसा वेळ लागतो?

पुढच्या हंगामात वाटेकरी बैलगाडी घेऊन आला. दोन पोती उतरवून शेजारी-शेजारी ठेवली. दोन्हींची तोंडं सोडली. आबांनी सवयीनं विचारलं, "कुणाचा माल?"

"एक पाटलांचा, एक माझा," तो म्हणाला. "कुठला कुणाचा, ते मागनं सांगतो, आबा. आधी नंबर बोला."