हृदयाची साक्ष

मनुष्याचे बरेवाईट कर्म त्याच्या मृत्यूबरोबर संपते की त्याच्यामागून चालत जाते, हा प्रश्न बहुतेक सर्व प्राचीन समाजांनी स्वतःस विचारला आहे. परंतु त्याच्या उत्तरापायी नाईल नदीकाठच्या मिसर देशातील लोकांनी जितके श्रम व द्रव्य वेचले, तितके क्वचितच कोणी वेचले असेल. त्यांच्या ह्या खटाटोपात एक विलक्षण विसंगती दडलेली आहे. तिचाच येथे विचार करावयाचा आहे.

देह टिकला तरच परलोकीचे जीवन टिकेल, अशी त्यांची श्रद्धा होती. म्हणून प्रेत नेट्रॉन नावाच्या क्षारात सुमारे ४० दिवस सुकवीत, त्यास तेले व राळ लावीत आणि कापडी पट्ट्यांत गुंडाळीत. सर्व विधीस परंपरेने ७० दिवस लागत. वडोदऱ्याच्या वस्तुसंग्रहालयातील किंवा हैदराबादच्या राज्य संग्रहालयातील ममी ज्यांनी पाहिली असेल, त्यांस ह्याची काही कल्पना असेलच. इ. स. पूर्वी सुमारे १५५० ते १०७० ह्या त्यांच्या वैभवकाळात यकृत, फुप्फुसे, जठर व आतडी काढून निराळी जपून ठेवीत. मेंदू तर निरुपयोगी म्हणून नाकावाटे काढून टाकीत. हृदय मात्र शक्यतो जागच्या जागी राहू देत. कारण बुद्धी, स्मृती व सदसद्विवेक ही सर्व हृदयातच वसतात, असे ते मानीत.

ह्या हृदयाचेच पुढे काम पडावयाचे होते. मृतास ओसिरिस देवाच्या न्यायसभेत ४२ देवतांसमोर उभे राहून ‘मी चोरी केली नाही, मी कोणास रडविले नाही’ अशा आशयाचे निवेदन करावे लागे. मग तराजूच्या एका पारड्यात त्याचे हृदय व दुसऱ्यात सत्य आणि न्याय यांची देवता जी मात, तिचे पीस ठेवण्यात येई. तोल साधला तर परलोकाचे दार उघडे. न साधला तर मगरीच्या तोंडाची एक राक्षसी ते हृदय गिळून टाकी आणि मृत मनुष्य कायमचा नष्ट होई. आनी नामक लेखनिकाच्या, इ. स. पूर्वी १२५० च्या सुमाराच्या पपायरसावर हा प्रसंग रंगविलेला असून तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आता विसंगती पाहा. मृतासोबत ठेवावयाच्या ह्या पोथ्या पुष्कळदा आधीच लिहून तयार असत. मृताच्या नावापुरती जागा कोरी सोडलेली असे. म्हणजे ‘मी निष्पाप आहे’ हे विधान पैसे मोजून घेता येई, मग आचरण कसेही असो. इतकेच नव्हे, तर मृताच्या छातीवर भुंगेऱ्याच्या आकाराचा एक पाषाण ठेवीत. त्यावर कोरलेल्या मंत्रात हृदयालाच विनंती असे की, न्यायाच्या वेळी तू माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस!

इहलोकीही साक्षी गप्प करण्याची विद्या अज्ञात नव्हती. इ. स. पूर्वी सुमारे १११० मध्ये, नवव्या रामसेसच्या राज्यात, आमेनपनुफेर नामक पाथरवटाने सोबेकेमसाफ राजाचे थडगे फोडून राजाराणीच्या देहांवरील सोने लुटले. पकडला गेल्यावर त्याने आपल्या वाट्याचे २० देबेन, म्हणजे पावणेदोन किलोंहून अधिक सोने एका लेखनिकास देऊन सुटका करून घेतली आणि साथीदारांनी त्यास पुन्हा वाटा दिला. ही हकीकत त्याच्याच जबानीत नोंदलेली आहे. जेथे सोन्याने लेखनिक गप्प होतो, तेथे पाषाणाने हृदयही गप्प होईल, अशी आशा माणसास वाटल्यास नवल ते काय?

तथापि ह्या लोकांस हसण्याची घाई करू नये. दुर्जनाने अर्पिलेल्या बळीपेक्षा सज्जनाचे शील देवास प्रिय असते, हा विचार त्यांच्याच उपदेशग्रंथांत आहे. भुकेल्यास अन्न व उघड्यास वस्त्र दिल्याचे त्यांच्यापैकी अनेकांनी आपल्या थडग्यांवर कोरून ठेवले आहे. आणि तो मंत्र तरी काय सांगतो? साक्षी खोटे बोलेल असे वाटले तर आपण त्याचे खंडन करतो. तो खरे बोलेल अशी खात्री असते, तेव्हाच त्यास गप्प राहण्याची विनवणी करावी लागते.

विधी व दान हे वाईट नव्हेत. परंतु अपराधानंतर आपण जे खर्च करतो, ते चूक निस्तरण्यासाठी की आतला आवाज दाबण्यासाठी, हे प्रत्येकाने तपासून पाहावे. त्याची कसोटी अवघड नाही. ज्याचे हिरावले, त्याचे त्यास परत मिळाले काय? ज्यास दुखविले, त्याच्यासमोर आपण नम्र झालो काय? ह्यांचे उत्तर ‘नाही’ असेल, तर आपला दानधर्म आणि तो पाषाणाचा भुंगेरा यांत फारसे अंतर नाही. जनाची नाही तरी मनाची लाज बाळगावी, असे आपले वडीलधारे सांगत आले. ती लाज जिवंतपणी बाळगली, तर हृदयाची मनधरणी करण्याची वेळ येणार नाही.